श्राद्धाच्या दिवशीची रांगोळी

माझी बायको कमल म्हणते, की मी देवळात गेलो तरी हात जोडण्याआधी तीर्थाचं भांडं हुंगतो. खोटं नाही. ज्या माणसाने उभी हयात बेंगळूरच्या पेठेत आरोग्य निरीक्षक म्हणून काढली, त्याच्याकडून श्रद्धेची अपेक्षा करू नये. संशय हीच आमची भाकरी. हॉटेलवाल्याने चांदीच्या पेल्यात कॉफी आणून दिली, की समजायचं, आज स्वयंपाकघर बघण्यासारखं नाही. गवळी रस्त्यात वाकून नमस्कार करायला लागला, की दुधाआधी त्याच्याजवळचं पाणी तपासायचं. एक मिठाईवाला तर मी दिसलो की दुकानात उदबत्ती लावायचा. त्याच्या उदबत्तीच्या वासावरून मला पेढ्याचं वय कळे.

लोकांना वाटतं, हा माणूस गटारात फिनेल टाकतो आणि पगार घेतो. फिनेल टाकणारी माणसं वेगळी. आमचं काम रोग शोधायचं. पन्नास-साठच्या त्या दशकांत ताप कुणी आपणहून सांगायला येत नसे. कारण सांगितला की आमच्या खात्याची बंद गाडी दारात येणार, माणसाला गावाबाहेरच्या साथीच्या इस्पितळात नेणार, आणि घरात धुरी देऊन अंथरूण जाळणार. गाडीला पेठेत लोकांनी नाव ठेवलं होतं ‘सासरची गाडी’. गेलेली पोर परत कधी येईल ते सांगता येत नाही म्हणून. तेव्हा आम्ही शोधायचं आणि त्यांनी लपवायचं, असा तो खेळ होता. दोन्ही बाजू हुशार होत्या.

माझ्याकडे शिंप्यांची एक गल्ली होती. तिचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून मला ओळखतात. मराठी बोलणारी वस्ती म्हणून साहेबांनी ती मुद्दाम माझ्या गळ्यात घातली. आमचं घराणंही जुनंच, शहाजीराजांच्या मागोमाग इकडे आलेलं, असं वडील सांगत. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि भांडताना दोन्ही. साहेबांचा हिशेब असा, की आपल्या माणसाला आपली माणसं खरं सांगतील. साहेब बाहेरगावचे होते. परक्याशी माणूस एकदाच खोटं बोलतो, आपल्याशी रोज बोलावं लागतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

गल्लीच्या दोन ओळी. उजव्या ओळीत नुकतेच नळ आले होते. त्याचा त्यांना फार तोरा. डाव्या ओळीत नळ नव्हते. ती घरं तुळसाक्काच्या विहिरीवर पाणी भरत. मध्ये मारुतीचं छोटं देऊळ, आणि त्याच्यासमोरून आडवं गेलेलं गटार.

तुळसाक्का विधवा, पन्नाशीची, डावखुरी. शिंप्याची कात्री उजव्या हाताची असते, म्हणून तिने लोहाराकडून स्वतःसाठी उलटी कात्री करवून घेतली होती. विहीर तिच्या परसात होती. रहाट तिचा, दोर तिचा, आणि पाण्याला येणाऱ्या बायकांच्या बोलण्यावर हक्कही तिचाच. गल्लीत कुणाकडे काय शिजलं, कोण रुसलं, कोणाला दिवस गेले, सगळं आधी विहिरीवर येई आणि मग घरच्यांना कळे.

पहिल्यांदा गेलो तेव्हा ती म्हणाली, “काय अण्णा, दार दार हिंडताय कशाला? उंबरे बघा की.”

“उंबऱ्यात काय बघायचं?”

“रांगोळी. रोज सकाळी सडा-रांगोळी होते का नै? ज्या दारात नाही, त्या घरात काहीतरी आहे.”

खरोखरच सोपं होतं. घरात आजारी माणूस असलं, रात्रभर जागरण झालं, की बाई सकाळी सडा घालायला उठत नाही. आमच्या खात्यात असलं काही शिकवलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे गल्लीत एक चक्कर मारायला लागलो. एका दारात रांगोळी नव्हती. मी आनंदाने ब्लीचिंग पावडरचा डबा घेऊन आत शिरलो. आत कोणी आजारी नव्हतं. नवरा-बायकोचं भांडण झालं होतं आणि बाईने सगळ्या कामांवर बहिष्कार टाकला होता. मला बघून ती नवऱ्याला म्हणाली, “आता सरकारी माणूस आणलात होय मला समजवायला?”

तुळसाक्का पोट धरून हसली. मग तिने मला समजावून सांगितलं. रिकामा उंबरा म्हणजे ताप नव्हे. घरात एकटीच बाई आणि ती बाहेर बसलेली असेल, तरी रांगोळी नाही. सुतक असेल तर नाही. श्राद्धाच्या दिवशी तर मुळीच नाही. त्या दिवशी पितर यायचे असतात, दारात शुभाची खूण घालत नाहीत. “उंबरा नुस्ता ‘काहीतरी आहे’ एवढंच सांगतो अण्णा. काय आहे ते मला विचारायचं.”

मी विचारत गेलो. ती सांगत गेली. कुठल्या दारात कचरा कुजतो, कुठल्या संडासाची वाट तुंबली, डास कुठे होतात, सगळं ती आणि तिच्या विहिरीवरच्या बायका सांगत, आणि मी ते करून घेई. वर्षभर त्या गल्लीसारखी स्वच्छ गल्ली माझ्या हद्दीत नव्हती. साहेबांनी माझी पाठ थोपटली. तुळसाक्काची थोपटायचं त्यांना सुचलं नाही आणि मीही सुचवलं नाही.

मग त्या उन्हाळ्यात गल्लीत विषमज्वर शिरला, ज्याला आता सगळे टायफॉइड म्हणतात.

पहिला रिकामा उंबरा उजव्या ओळीतल्या गंगाक्कांचा. गंगाक्का तुळसाक्काची सख्खी थोरली बहीण. मी तुळसाक्काला विचारलं नाही. दोन दिवस उंबरा रिकामा, श्राद्ध नाही, सुतक नाही, घरात सून नाही. मला विचारायची गरजच नव्हती, इतका मी आता तयार झालो होतो. कळवलं. गाडी आली. गंगाक्का परत आल्या नाहीत. साथीच्या रोगात गेलेलं माणूस परस्पर मसणात नेत, घरच्यांना तोंडही नीट बघायला मिळत नसे. तुळसाक्काला बहिणीची बांगडी तेवढी मिळाली, तीही औषधाच्या पाण्यात बुचकळलेली. मी नियमाने वागलो होतो. तरी त्यानंतर कितीतरी दिवस मी त्या गल्लीत तुळसाक्काची विहीर टाळून, देवळाच्या कडेकडेने जात असे.

आणि मग गंमत झाली. गंमत म्हणतो, पण माझी झोप उडाली. गल्लीतले सगळे उंबरे भरले. रोज, न चुकता. ठिपक्यांच्या, वेलींच्या, शंखांच्या रांगोळ्या, असा थाट की दिवाळी असावी. मेडिकल स्टोअरवाला मात्र मला सांगत होता, की तापाच्या गोळ्या त्या गल्लीत पायलीने खपतायत. मी दारं वाजवली तर सगळीकडे एकच उत्तर. सगळे मजेत. तुळसाक्का विहिरीवरून बघायची आणि दोर ओढत राहायची. “काय अण्णा, आज कुणाला न्यायला आलात?” एवढंच विचारायची.

तिकडे साहेबांनी निकाल देऊन टाकला होता. त्यांनी पुस्तकं वाचलेली होती. पुस्तकात नळाचं पाणी शुद्ध आणि विहिरीचं अशुद्ध. गल्लीत विहीर आहे? मग विहिरीतूनच रोग. येत्या सोमवारी विहिरीवर फरशी घालून ती कायमची बंद करायचा हुकूम निघाला. डाव्या ओळीलाही नळावर पाणी भरायला लावायचं ठरलं.

तुळसाक्का खात्यात आली. माझ्याकडे बघितलंही नाही, थेट साहेबांना म्हणाली, “विहिरीवर पाणी भरतात त्यांच्यात कुणी आजारी नै. बंद करू नका.”

साहेब म्हणाले, “मग आजारी कोण आहे?”

आजारी आहेत म्हटलं तर गाडी येणार, नाहीत म्हटलं तर तिच्या म्हणण्याला पुरावा नाही. ती तशीच उठून गेली. साहेब मला म्हणाले, “बाईची विहीर आहे, ती तसंच म्हणणार. पाणी विकत असेल.” ती पाणी विकत नव्हती हे मला माहीत होतं. पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात आलं, की बाई विहिरीसाठी काय वाटेल ते बोलेल. गल्ली म्हणत होती, विहिरीची जागा कुणाला तरी हवी आहे आणि इन्स्पेक्टरने पैसे खाल्लेत. सगळे सगळ्यांवर संशय घेत होते आणि प्रत्येकाकडे थोडंफार कारण होतं.

शनिवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी मला आमच्याकडचे गुरुजी भेटले. हातात दर्भाची जुडी. “एकनाथ शिंप्याकडे निघालोय,” ते म्हणाले. “त्याच्या वडिलांचं श्राद्ध.” एकनाथचं घर उजव्या ओळीत, देवळाच्या पुढे खालच्या अंगाला. आम्ही बोलत बोलत त्याच्या दाराशी आलो आणि गुरुजी एकदम थांबले.

“अरे! श्राद्धाच्या दिवशी रांगोळी?”

दारात मोठा थोरला वेल काढलेला होता, मध्ये शंख, भोवती ठिपके. गुरुजींना वाटलं, तिथी चुकली की काय. ते पंचांग आठवायला लागले. मला तिथीचं काही पडलेलं नव्हतं. एकनाथची आई आत बसलेली, मोतीबिंदूने डोळे गेलेले. ती वाकून रांगोळी घालणं शक्य नाही. राहिली सून, शारदा. लग्न होऊन वर्ष झालेलं नव्हतं.

“शारदा कुठाय?” मी एकनाथला विचारलं.

“माहेरी गेलीय. आनेकलला.”

“सासऱ्याच्या श्राद्धाला सून माहेरी?”

मी वाकून रांगोळी बघितली. इतके दिवस मी रांगोळी आहे की नाही एवढंच बघत आलो होतो. कशी आहे ते कधी बघितलंच नव्हतं. वेलाची टोकं सगळी उलट्या बाजूला वळलेली होती, आपण वळवतो त्याच्या विरुद्ध. शेजारच्या दारात गेलो. तिथेही तसंच. त्याच्या खालच्या दारातही तसंच. पूर्ण गल्लीत असा हात एकीचाच.

मी विहिरीवर गेलो. “अक्का, श्राद्धाचं घर विसरलात.”

तिचा चेहरा पडला. इतक्या घरांचे उंबरे पहाटेच्या आत भरायचे, त्या घाईत तिथी कोण लक्षात ठेवणार? तिने दोर रहाटाला बांधला, पदराने हात पुसले आणि म्हणाली, “न्या की आता. शारदेला पण न्या. एकदा तुम्हाला उंबरे वाचायला शिकवलं, तुम्ही ताईला नेलंत. माझीच अक्कल मातीत गेली होती.”

“मी गाडी आणलेली नाही.”

“आज नाही आणली. उद्या आणाल.”

मी तिच्या पायरीवर बसलो. गणवेशात असं कुणाच्या पायरीवर बसू नये असा नियम आहे. मी विचारलं, “किती उंबरे तुम्ही भरता?”

“कशाला सांगू?”

“बरं, किती ते राहू दे. कुठले ते सांगा. डाव्या ओळीतला एक तरी आहे?”

“नै.”

“उजव्या ओळीतले देवळाच्या वरचे?”

ती विचार करायला लागली. तिने प्रत्येक घर वेगवेगळं झाकलं होतं. ओळीने कधी मांडलं नव्हतं. “नै,” ती हळूच म्हणाली. “सगळे देवळाच्या खालचेच.” मग माझ्याआधी तीच पुढे गल्लीत आली आणि देवळासमोरच्या गटाराकडे बघायला लागली. नळाची पाइप त्याच गटाराखालून पलीकडे गेलेली होती. “अय्यो,” ती म्हणाली, “नळच गटाराचं पाणी पितोय की.”

मी म्हणालो, “साहेबांना माझ्या तोंडून पटणार नाही. तुमच्याही नाही. गल्लीने सांगितलं तर पटेल. सोमवारी ते विहीर बंद करायला येतायत. त्या दिवशी पहाटे तुम्ही कुणाचा उंबरा भरू नका.”

“आणि गाडी?”

“गाडी आत येणार नाही. माझा शब्द.”

दुकानदार खोट्या नाण्याकडे बघतो तसं तिने माझ्याकडे बघितलं. पण सोमवार परवावर आला होता आणि तिच्याकडेही दुसरा उपाय नव्हता. “स्वल्प बघू,” म्हणजे थोडं बघू, एवढंच म्हणाली.

सोमवारी साहेबांबरोबर गल्लीत शिरताना मी मनात हिशेब मांडत होतो. तिने विश्वास ठेवला नसेल तर सगळे उंबरे भरलेले असणार, आणि दुपारपर्यंत सगळी गल्ली नळावर. आम्ही वळलो. डावी ओळ शेवटपर्यंत रांगोळ्यांनी भरलेली. उजवी ओळ देवळापर्यंत भरलेली. आणि देवळाच्या खाली, दारामागून दार, नुसती माती. तिथे उभा राहून मला रडू आवरेना. आपल्या घरात आजारी माणूस आहे हे त्या प्रत्येक घराने माझ्या शब्दावर उघड्यावर मांडलं होतं.

मी साहेबांना अर्थ सांगितला. साहेबांचा संशय माझ्यापेक्षा वरच्या दर्जाचा. म्हणाले, “हे तुम्हीच बायकांना सांगून करवलं नसेल कशावरून?”

“करवलंच आहे, सर. आत जाऊन बघा.”

ते स्वतः गेले. भरलेल्या दारांत शिरले, रिकाम्या दारांत शिरले. एकनाथच्या घरात माळ्याखाली पोत्यांच्या आडोशाला शारदा पडलेली होती, जीभ कोरडी, डोळे अर्धवट. एकनाथ तिच्यापुढे हात आडवे करून उभा राहिला, मारायला नव्हे, झाकायला. साहेब बाहेर आले तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता. “नळ बंद करा. पाइप खणा. विहीर राहू द्या.” आणि मग, मला जे ऐकायचं नव्हतं ते: “गाडी बोलवा.”

नळ त्याच क्षणी बंद केला. पाइप खणायला माणसं आली, तेव्हा मुकादमाने विचारलं, “कुठून सुरुवात करू?” खरं म्हणजे देवळासमोर खणायला हवं होतं. मी म्हटलं, “पाइप गल्लीच्या तोंडातून आत येते ना? तिथूनच घ्या. चांगला रुंद खणा. कामात कसूर नको.”

मुकादम पेठेतलाच होता. त्याने रस्त्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “सरी,” म्हणजे बरं, म्हणाला, आणि पहार घातली.

गाडी आली तेव्हा गल्लीच्या तोंडाला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चर होता. ड्रायव्हरने भोंगा वाजवला, खाली उतरून चर बघितला, आणि सिगरेट पेटवली. साहेब म्हणाले, “तोंडापासून खणायला कोणी सांगितलं?” मी म्हटलं, “पाइप तिथूनच सुरू होते, सर.” त्यांनी चराची रुंदी डोळ्यांनी मोजली. अशा अवस्थेतल्या रोग्यांना फळकुटावरून चर ओलांडून नेणं धोक्याचं, असं शेवटी त्यांनी स्वतःच ठरवलं, आणि डॉक्टरला आत पाठवलं. तेव्हा या तापावर नव्या कॅप्सूल आल्या होत्या. घराघरात जाऊन त्या दिल्या. चर बुजवायला आमच्या लोकांना भरपूर वेळ लागला. मी घाई केली नाही.

देवळासमोर पाइपचा सांधा गटारातच बसलेला निघाला, त्यात ठासून भरलेलं ज्यूट कुजून भुसा झालेलं. तोवर दोन्ही ओळी तुळसाक्काच्या विहिरीवर पाणी भरत होत्या, आणि नळाचा तोरा मिरवणाऱ्या बायका तिच्या मागे घागर घेऊन मुकाट्याने उभ्या असत. शारदेचे केस सगळे गेले, पण शारदा राहिली. गंगाक्कांचं काय, हा प्रश्न मला तुळसाक्काने कधी विचारला नाही. तिने विचारायला हवा होता असं मला अजून वाटतं.

त्यानंतर गल्लीतल्या बायकांनी एक नवी रीत पाडली. महिन्याच्या पहिल्या सोमवारी कुणी कुणाचा उंबरा झाकायचा नाही. त्या दिवशी तुळसाक्का मला गल्लीच्या तोंडापासून चालवत नेई आणि प्रत्येक रिकाम्या दाराची हकीकत सांगे. बाकीच्या दिवशी गल्ली तिची होती.

त्याच वर्षी कार्तिकात कमलला ताप भरला. उतरेना. रक्त तपासायला दिलं होतं, उत्तर यायचं होतं. नियमाने संशयित म्हणून तेव्हाच कळवायला हवं होतं. मी म्हटलं, उत्तर तर येऊ दे. शेजारी कुणी विचारलं तर कमल दमलीय एवढंच सांगत होतो. एका सकाळी दूध घ्यायला दार उघडलं, तर दारात सडा शिंपडलेला, आणि त्यावर मोठा थोरला वेल. सगळी टोकं उलट्या बाजूला वळलेली.

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: तुळसाक्काला कुणी सांगितलं?

तसाच गल्लीत गेलो. तुळसाक्का पाणी ओढत होती.

“अक्का, माझ्या दारात तुम्ही आला होतात?”

“मी? मला दुसरी कामं नैत? तुमचा आपला संशयी स्वभाव.”

“वेल उलटा वळलाय.”

तिने घागर काठावर ठेवली. “कमलला कसं आहे?”

“ताप आहे अजून.”

“गाडी बोलावलीत?”

मी विहिरीत बघत राहिलो. पाणी स्वच्छ होतं.

“सरी,” ती म्हणाली आणि पुन्हा दोर सोडला. “उद्या पण येते. तुमच्याकडे श्राद्ध-बिद्ध असलं तर आधी सांगा.”